गळतीचा दिवा

पाटी लागली तेव्हा मी ती आधी नुसती वाचली, मग चष्मा पुसून परत वाचली. वर ठळक अक्षरात, ‘प्रशिक्षक: उन्नती साळोखे’. त्याच्या खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, ‘सहाय्यक: व्हॅलेरियन रुमाव’.

सहाय्यक! ज्या माणसानं आमच्या पडवीत पोरं बसवून त्यांना फ्रीज उघडायला, एसी धुवायला, तांब्याची नळी जोडायला शिकवलं, तो सहाय्यक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथं तोंड उघडणार, तेवढ्यात व्हॅलेरियननं माझ्या कोपराला चिमटा काढला. लग्नापासून त्याचा हा चिमटा मला माहीत आहे. त्याचा अर्थ, ‘अँजू, लोक बघतायत, गप.’

मी फाटक्या तोंडाची आहे, ते वसईतल्या आमच्या पापडी गावात सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा तेवढाच मवाळ. देवानं दोघांत मिळून एकच जीभ दिली आणि ती माझ्या वाट्याला आली, असं तोच पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

पण त्या दिवशी तो हसला नाही. पाटीवरच्या आपल्या नावावरची धूळ त्यानं बोटानं पुसली आणि आत गेला. तेव्हा मला फार वाईट वाटलं. मस्कतहून परत आल्यापासून ह्या माणसाला एकच गोष्ट हवी होती. कुठंतरी फळा असावा, समोर बाकांवर पोरं असावीत, आणि आपण खुर्चीवरून उठून शिकवावं. पडवीतली पोरं त्याला अंकल म्हणायची, त्याला ‘सर’ व्हायचं होतं. आता गावच्या मंडळानं शाळेमागच्या जुन्या हॉलमध्ये फ्रीज-एसी दुरुस्तीचं केंद्र काढलं, सरकारकडून मान्यता आणली, आणि खुर्चीवर कोण बसलं, तर शेजारच्या उमेळ्याच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहणारी, कोल्हापूरकडची कालची पोरगी.

मी थेट जोनाथन सरांच्या घरी गेले. ते मंडळाचे अध्यक्ष. मुख्याध्यापक होऊन रिटायर झालेले, आमच्या मुलाला, पीटरलाही त्यांनीच शिकवलेलं.

“सर, हे काय चाललंय?” मी दारातूनच सुरुवात केली.

“अँजेला, आधी बस तरी.”

“बसत नाही. व्हॅलेरियनमध्ये काय कमी आहे ते सांगा.”

“कामात काही कमी नाही,” सर म्हणाले. “पण नियम आहे. प्रशिक्षकाला ह्या कामाचं शिक्षण लागतं, अनुभव लागतो, आणि वरून शिकवायचं कसं ह्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्या मुलीनं त्यासाठी अख्खं वर्ष घातलंय. व्हॅलेरियननं नववीत शाळा सोडली, त्याला मी काय करू?”

“मस्कतच्या उन्हात लोकांचे एसी ह्यानं चालू ठेवले. ते कुठल्या कागदावर लिहून आणू?”

“अनुभवी माणसांसाठी परीक्षा असते. ती देऊ दे त्याला. मग शिकवण्याचा कोर्स करू दे. पुढच्या बॅचला मी स्वतः त्याचं नाव सुचवतो. तोवर त्या मुलीच्या हाताखाली राहू दे.”

हाताखाली! मी तणतणत घरी आले. व्हॅलेरियननं मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पुढच्या बॅचला म्हणाले ना? मग झालं तर.” दुसऱ्या दिवसापासून तो इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रात जायला लागला.

मीही जायला लागले. त्याचा डबा द्यायचं निमित्त, खरं म्हणजे ती पोरगी कशी आहे ते बघायचं होतं. अंगानं किरकोळ, केस घट्ट बांधलेले, काम करताना डोळे वाचवायचा तो काचेचा चष्मा डोक्यावर चढवलेला. पहिल्याच दिवशी तिनं व्हॅलेरियनलाही तसला चष्मा लावायला लावला. वरून बोलणं अगदी गोड. त्याला ‘सर’ म्हणायची. सर, जरा हे धरता का. सर, तुमच्या हातानं ही नळी वाकवून दाखवा ना मुलांना. मला तर ती जखमेवर मीठ चोळते असंच वाटायचं. पाटीवर सहाय्यक लिहायचं आणि तोंडानं सर म्हणायचं!

तिचे नियम तर विचारू नका. गॅसचे सगळे सिलिंडर हॉलच्या बाहेर, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात. पिंजऱ्याला कुलूप, किल्ली व्हॅलेरियनकडे. फ्रीजच्या टेबलाजवळ काडी पेटवायची नाही, अगरबत्ती नाही, काही नाही. मी एकदा विचारलंच, “काय गं, एवढं काय त्यात?”

“काकू, नव्या फ्रीजमध्ये जो गॅस येतो ना, तो तुमच्या शेगडीतल्या गॅसचा सख्खा भाऊ,” ती म्हणाली. “तसाच पेटतो. फरक एवढाच की ह्याला वास नाही. शेगडीच्या गॅसला वास मुद्दाम घालतात, गळला तर कळावा म्हणून. हा गळला तर नाकाला पत्ता लागत नाही. हवेपेक्षा जड, म्हणून खाली जमिनीवर बसून राहतो.”

मी तोंडानं “असं होय” म्हटलं. मनात म्हटलं, शहाणी मेली.

आता त्या दिव्याचं सांगते. आमच्या घरात मारियामातेच्या तसबिरीखाली एक पितळी दिवा होता. स्पिरिटवर चालणारा, वर तांब्याची चकती, बाजूला एक रबरी नळी. मेणबत्तीचाही नाही आणि कंदिलाचाही नाही. तो गळती शोधायचा दिवा. जुन्या काळचे मिस्त्री तो पेटवून त्याची नळी एसीच्या जोडांवरून फिरवायचे. कुठं गॅस गळत असला की निळी ज्योत हिरवी व्हायची. तो जुना गॅस स्वतः पेटत नसे, म्हणून चालून जायचं. मस्कतला व्हॅलेरियनच्या उस्तादानं मरताना हा दिवा त्याला दिला. तिथं कामगारांच्या कॅम्पमध्ये मिस्सा नाही, फादर नाही, काही नाही. पण मे महिन्याच्या एक तारखेला, कामकरी संत योसेफच्या सणाला, आमची वसईची सगळी पोरं हा दिवा पेटवायची, त्याच्याभोवती उभं राहून प्रार्थना म्हणायची आणि जुन्या गॅसचा एक फुसकारा सोडून ज्योत हिरवी करायची. सगळ्यांनी ती बघितली की सण झाला.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांना आशीर्वाद मिळतो. माळी खुरपी आणतो, सुतार करवत आणतो, बायका शिलाई मशीनचं चाक आणतात, रिक्षावाले रिक्षाच आणतात. फादर पवित्र पाणी शिंपडतात. व्हॅलेरियन परत आल्यापासून त्याचा दिवाही तिथं असायचा. तो काडी लावायचा, ज्योत हिरवी व्हायची, लेकरं ‘ओऽ’ करायची. तेव्हा माझ्या नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं असायचं.

ह्या वर्षी मंडळानं ठरवलं की आशीर्वादाचा कार्यक्रम केंद्रातच करायचा. आधल्या आठवड्यात व्हॅलेरियन दिवा घेऊन केंद्रात गेला. उन्नतीनं तो हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला. डोळे चमकले तिचे, ते मी बघितलं.

“सर, असला दिवा मी फक्त पुस्तकात बघितला होता,” ती म्हणाली. “आपण हा काचेच्या कपाटात ठेवू या. पण इथं पेटवायचा नाही हं. ह्या गॅसपुढं ज्योत म्हणजे संपलं.”

“सणाला पण नाही?”

“सणाला अंगणात पेटवू या ना. आत नको.”

व्हॅलेरियन हसला. घरी आल्यावर म्हणाला, “आता ही मला दिवा शिकवणार.” तो एकदाच म्हणाला. पुढचे चार दिवस मी म्हणत राहिले.

एक मे उजाडला. उन्नती सकाळी तिच्या सोसायटीत महाराष्ट्र दिनाच्या झेंड्याला गेली होती, तिथून ती परस्पर येणार होती. आम्ही हॉल सजवायला घेतला. लांब टेबल मधे ओढलं. त्यावर माझ्या माहेरचं, सांडोरचं, मोठं पांढरं कापड घातलं. चारी बाजूंनी जमिनीपर्यंत पोचणारं, माझ्या आईच्या हातचं भरतकाम असलेलं. त्यावर पक्कड, पाने, नळ्या कापायची हत्यारं, मधोमध दिवा, त्याची रबरी नळी कापडावरून खाली सोडलेली. छान दिसत होतं.

मग व्हॅलेरियन बाहेर गेला आणि येताना काखेत नव्या गॅसचा तो छोटा सिलिंडर घेऊन आला. पिंजऱ्यातला.

“हा कशाला रे?” मी विचारलं.

“सगळ्या हत्यारांना आशीर्वाद मिळणार, मग ह्यानं काय घोडं मारलंय? पोरं ह्याच्यावरच शिकणार आहेत.” त्यानं सिलिंडर टेबलावर ठेवून बघितला, तर बरा दिसेना. “खाली ठेवतो. पाणी शिंपडलं की पोचलं.”

त्याला नीट ठेवता यावा म्हणून मी कापडाची कड वर उचलून धरली. सिलिंडर खाली सरकवताना त्याची लोंबणारी नळी टेबलाच्या पायात अडकली. त्यानं ती ओढून काढली. तेव्हाच सिलिंडरच्या तोंडावरची चावी जराशी फिरली असणार. आवाज नाही, वास नाही. मी कापड खाली सोडलं आणि निऱ्या सारख्या केल्या.

फादर आले. जोनाथन सर आले, पोरांचे आईबाप आले. उन्नती धावतपळत पोचली, त्या दिवशी साडीत, आणि गर्दी म्हणून दाराशीच उभी राहिली. प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडून झालं. फादर कौतुकानं म्हणाले, “व्हॅलेरियन, ह्या वर्षी हिरवी ज्योत नाही का?”

तो जरा घुटमळला. हे मी शपथेवर सांगते, तो घुटमळला. त्यानं दाराकडे बघितलं. पण इतकी माणसं, फादर विचारतायत, पोरं पाय उंचावून बघतायत. त्यानं खिशातून काडेपेटी काढली.

“सर, नको! सर!” दारातून उन्नतीची किंकाळी आली.

ज्योत पेटली. निळी ज्योत चकतीवर क्षणभर दिसली आणि मग माझ्या डोळ्यांसमोर आग टेबलावरून खाली उतरली. कुणी ओतल्यासारखी कापडाच्या आत गेली. ‘भप्प’ असा आवाज झाला आणि माझ्या आईचं कापड खालून वर, चारी बाजूंनी एकदम पेटलं. आई गं! मी पुतळ्यासारखी उभी. माणसं दाराकडे पळत सुटली, खुर्च्या पडल्या, कोणी माझ्या पायावर पाय देऊन गेलं तरी मला कळलं नाही.

सगळे बाहेर पळत होते आणि ती एकटी आत येत होती. दोन्ही हातांनी तिनं ते पेटतं कापड ओढलं, हत्यारं खणाखण खाली पडली. मग ती गुडघ्यावर बसली, टेबलाखाली हात घातला आणि चावी बंद केली. उघड्या हातानं. वर्गातली लविना नावाची मुलगी आग विझवायचं नळकांडं घेऊन आली, तिनं फवारा मारला आणि सगळीकडे पांढरं झालं.

त्या पांढऱ्या धुरळ्यात व्हॅलेरियन तसाच उभा होता. दिवा त्यानं कधी उचलला कोण जाणे, तो त्याच्या हातात होता आणि अजून जळत होता. मी फुंकर मारून विझवला. उन्नती जमिनीवर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. त्या हाताचं मी वर्णन करणार नाही.

देवाची कृपा, दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. तिला दवाखान्यात ठेवलं. मी भाकरी आणि सूप घेऊन गेले, तर तिची आई बाहेर बाकावर रडत बसलेली. मला तिच्याशी काय बोलावं सुचेना. मला, बरं का!

गावात मात्र भलतंच सुरू झालं. “बाहेरची मुलगी, गॅस आत ठेवून झेंड्याला गेली.” “प्रमाणपत्रं आहेत म्हणे.” “दिवा काय, तो दर वर्षीच पेटतो.” लोक आमच्या पडवीत येऊन व्हॅलेरियनच्या खांद्यावर हात ठेवायचे, “तू होतास म्हणून बरं.” कुणी विचारलंच नाही की सिलिंडर आत आला कसा. आणि व्हॅलेरियन? तो मान खाली घालून बसायचा. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्याला, मंडळाची मीटिंग होईल तेव्हा सांगेल. आपला माणूस खोटं बोलत नाही. एकदा विरारला कुणाच्या घरचा पाना चुकून ह्याच्या पिशवीत आला, तर भर उन्हात परत द्यायला गेलेला माणूस हा.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी जोनाथन सर घरी येऊन गेले. मी वाडीत केळीला पाणी सोडत होते. घरात आले तेव्हा व्हॅलेरियन खुर्चीत ताठ बसला होता.

“काय म्हणाले सर?”

“त्या पोरीला काढतायत,” तो म्हणाला. “वर पत्र लिहिणार. परीक्षा देईपर्यंत वर्ग मी चालवायचा, नंतर माझंच नाव पाटीवर.”

मी हातातला कोयता खाली ठेवला. “आणि सिलिंडरचं?”

तो तसबिरीकडे बोट करून म्हणाला, “अँजू, उद्या मीटिंगमध्ये एक शब्द बोलायचा नाहीस. मारियामातेसमोर मला वचन दे.”

मी वचन दिलं. मला वाटलं, त्याला स्वतःच्या तोंडानं सांगायचंय, बायको मधे नको म्हणून म्हणतोय. असंच वाटलं मला, देवाशपथ.

मीटिंगला हॉल भरला होता. भिंतीवर धुराचा काळा पट्टा तसाच. उन्नती पुढच्या खुर्चीवर, हाताला खांद्यापर्यंत पट्टी, तो झोळीत अडकवलेला. चेहरा उतरलेला.

जोनाथन सरांनी विचारलं, “ज्वालाग्राही सिलिंडर बाहेर ठेवायचा नियम तुम्हीच केलात. मग तो आत कुणी आणला?”

ती वळून व्हॅलेरियनकडे बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलंही, पण पापणी लवायच्या आत नजर काढून घेतली.

“सर, वर्ग माझा आहे,” ती म्हणाली. “किल्ली कुणाकडे द्यायची ते मी ठरवलं. त्या दिवशी कार्यक्रमाआधी येऊन टेबलाखाली बघायला हवं होतं, ते मी केलं नाही. आत काही झालं तर ते प्रशिक्षकाचं. आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी हे सांगतात.”

किल्ली कुणाकडे होती हे तिला माहीत. दिवा पेटवायला तिनं नको म्हटलेलं, भरल्या हॉलनं तिची किंकाळी ऐकलेली. एक बोट दाखवलं असतं तर सुटली असती. आणि ही बया म्हणते, माझं! घरदार नाही इथं तिचं, बिल्डिंगचं भाडं भरते, म्हातारी आई सांभाळते. माझे कान गरम झाले. मी व्हॅलेरियनकडे बघितलं. ऊठ, मनात म्हटलं, ऊठ बाबा आता.

तो आपली नखं बघत होता.

“व्हॅलेरियन, तुम्हाला काही सांगायचंय?” सरांनी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला.

एवढंच. नाही! आग लागली तेव्हा मी हादरले होते, पण ती आग होती. हा माझा नवरा होता. ह्याच्या शेजारी मी इतकी वर्षं झोपले, ह्याच्या खरेपणाच्या गोष्टी मी माहेरी सांगत फिरले, आणि हा एका खुर्चीपायी जळक्या हाताच्या पोरीसमोर बसून नाही म्हणतो. सर कागदावर काहीतरी लिहायला लागले.

“सिलिंडर ह्यानं आणला!”

माझाच आवाज. मी उभी होते, कधी उभी राहिले कळलं नाही. कोपराला चिमटा बसला, चांगला जोरात. मी त्याचा हात झटकला.

“पिंजऱ्यातून ह्यानं काढला आणि मी कापड वर धरलं. तिथं, त्या टेबलाखाली. पोरीनं ह्याला सांगितलं होतं दिवा आत पेटवायचा नाही, मी ऐकलंय, मी तिथं डबा घेऊन उभी होते. काढायचं तर आम्हाला काढा. हिला कसलं काढताय? ही नसती तर आज इथं मीटिंगला कोण बसलं असतं?”

जोनाथन सरांनी चष्मा काढला. व्हॅलेरियन उठला आणि माझ्याकडे न बघता हॉलच्या बाहेर गेला. मी खाली बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. मारियामातेसमोर दिलेलं वचन मी मोडलं होतं, आणि ज्या खुर्चीसाठी मी गावाशी भांडले ती खुर्ची मीच लाथ मारून उडवली होती.

उन्नतीला कुणी काढलं नाही. ते तिथंच ठरलं. पण घरी व्हॅलेरियन माझ्याशी बोलला नाही. ताट वाढलं, त्यानं बाजूला सारलं. मी भांडले, रडले, पाया पडायचं तेवढं राहिलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

सकाळी उठले तर अंथरूण रिकामं. तसबिरीखाली बघितलं, दिवाही नाही. मागचं दार उघडं होतं. देवा बापा, नको ते मनात आलं आणि मी अनवाणी वाडीतून बावखलाकडे, आमच्या तळ्याकडे, धावत सुटले. पाणी स्थिर होतं, वर केळीची पानं पडलेली. मी काठावरून हाका मारत सुटले, “व्हॅलू! अरे व्हॅलू!” कुंपणापलीकडून शेजारची इनेझ म्हणाली, “अगं बाय, ओरडतेस काय? तो मघाशीच केंद्राकडे गेला, हातात काहीतरी पितळेचं होतं.”

मी तशीच धावले. पायात चप्पल नाही, केस सुटलेले, गेले. केंद्राचं दार बंद होतं, वर्ग सुरू झाला होता. मी बाजूच्या खिडकीशी गेले.

बाकांवर पोरं बसली होती. उन्नती पट्टीचा हात झोळीत घेऊन त्यांच्यातच, शेवटच्या बाकावर. आणि फळ्यापुढं व्हॅलेरियन. टेबलावर दिवा, विझलेला, काळा पडलेला. खुर्ची बाजूला होती, तो तिच्यावर बसला नव्हता.

“...हा दिवा जुन्या गॅससाठी,” तो म्हणत होता. “मला माहीत होतं. मॅडमनी सांगितलं होतं ते एक, पण त्याच्या आधी मला स्वतःलाच माहीत होतं. तरी मी पेटवला. लोकांनी ‘ओऽ’ करावं म्हणून.” त्यानं दिव्यावरची काजळी बोटानं पुसली. “सिलिंडर मी आणला. नळी ओढली तेव्हा चावी बघितली नाही. तुम्ही बघा. नळी हलली की चावी बघा.”

मग लविना उठली. आग विझवणारी तीच. सरळ तोंडावर विचारणारी मुलगी, माझ्याच जातीची.

“अंकल, मग काल मीटिंगमध्ये तुम्ही नाही का म्हणालात?”

मी खिडकीचे गज घट्ट धरले. वाटलं, आता हा दिवा उचलून निघून जाईल. आत धावावं, त्या पोरीला गप्प करावं असं वाटलं, पण मी गज सोडले नाहीत.

व्हॅलेरियननं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

“खुर्ची हवी होती मला, बाय,” तो म्हणाला. “मॅडमचा हात समोर दिसत होता, तरी हवी होती.”

त्यानं दिवा उचलला. पोरांना काही कळेना, एकमेकांकडे बघायला लागली. तो दाराकडे निघाला, पाय ओढत, म्हाताऱ्यासारखा. तो दाराशी पोचला, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून उन्नती उठली.

“सर,” ती म्हणाली, “चावीचं अर्धवट राहिलं. मुलांना हातानं दाखवा ना. मला एका हातानं जमत नाही.”

तो दारात थांबला. तिच्याकडे बघत राहिला, तिच्या पट्टीकडे. मग त्यानं बाही डोळ्यांवरून फिरवली, परत टेबलापाशी आला, तो काचेचा चष्मा लावला आणि चावी कशी बंद करायची ते दाखवायला लागला. मी खिडकीखाली मातीत बसले आणि वर्ग सुटेपर्यंत तिथून उठले नाही.